पहिल्या दिवशी एक मूठ

लिंबाजी तात्यांना गवत हुंगायची सवय होती. बाजारात आपण कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेतो, तसं नव्हे. ते पेंडी जमिनीवर ठेवायचे, तिच्या मधोमध कोपरापर्यंत हात खुपसायचे, डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसायचे आणि मग हात बाहेर काढून हुंगायचे. तापलेल्या पोराच्या गळ्याला हात लावताना आईचा चेहरा होतो, तसा त्यांचा व्हायचा. पेंडी आतून जरा कोमट लागली की ती उकिरड्यावर जायची. मग ती पैसे मोजून आणलेली असो, की कुणी प्रेमाने डोक्यावरून आणून दिलेली असो.

मी नेकनूरजवळच्या त्या गावात सात वर्षं शाळेवर होतो. राहायला भीमनगरच्या तोंडाशी एक खोली मिळाली होती आणि दार उघडलं की समोर तात्यांचं घर. दोन खोल्या, पुढे ओटा, भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि ओट्याला लागून पत्र्याचा एक आडोसा. सगळं गाव त्याला पत्राच म्हणायचं, तात्या मात्र 'पागा' म्हणायचे. त्या पागेत एकच घोडी होती. तिचं नाव पाखरी.

तात्यांनी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं शिपाई म्हणून काढली होती. डॉक्टर येत, बदलून जात, तात्या तिथेच. "डॉक्टरच्या सहीला सोडून बाकी समदं म्या केलंय," असं ते सांगायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. एकुलती एक मुलगी शोभा, ती आष्टीला दिलेली. त्याच सुमारास एका बँडवाल्याने पुढचा पाय अधू झाला म्हणून पाखरीला सोडून द्यायचं ठरवलं आणि तात्या तिला दोरीने चालवत घरी घेऊन आले. वर्षभर पाय शेकला, तेल चोळलं, आणि घोडी पुन्हा वरातीला उभी राहिली. त्यानंतर त्या घरात एक माणूस म्हणजे तात्या आणि दुसरं म्हणजे पाखरी, असाच सगळ्यांचा हिशेब होता.

आमची ओळख भांडणाने झाली. गावात येऊन मला चारच दिवस झाले होते. कोबी चिरला होता, वरची पानं हातात होती आणि समोर घोडी मान बाहेर काढून उभी. म्हटलं, मुकं जनावर आहे, खाईल. मी पानं तिच्या तोंडाशी नेली तोच मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. पकड अशी, की पानं आपोआप खाली पडली.

"नवे सर का तुमी?"

"हो."

"जय भीम. शाळंत पोरान्ला काय बी शिकवा. हिला न्हाई."

मी मास्तर माणूस. दुसऱ्याला शिकवायची खोड, त्यामुळे मला कुणी शिकवलेलं मुळीच खपत नाही. मी जरा तोऱ्यातच विचारलं, की चार पानांनी काय होतं. तात्यांनी मला ओट्यावर बसवलं, काळा चहा दिला आणि सगळं सांगितलं.

"बैल रवंथ करतो. कुत्र्याला सोसलं न्हाई तर ओकून टाकतं. घोड्याला दोनी न्हाई. आत गेलं ते गेलं, सर. त्याला माघारी यायची वाटच न्हाई. पोटात गॅस धरला की घोडं उभ्या उभ्या जातंय."

त्यांचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं होतं. उन्हाळाभर पाखरीला कडब्याची कुट्टी. आषाढात बांधाला हिरवं दिसायला लागलं की आमच्या भागात सगळ्यांचा जीव खालीवर होतो. आठ महिने कोरडं चघळणाऱ्या जनावराला कधी एकदा पोटभर हिरवं घालतो असं होऊन जातं. तात्यांचा कार्यक्रम वेगळा असायचा. पहिल्या दिवशी एक मूठ. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तीन. तीही उपाशीपोटी नाही, आधी कोरडी कुट्टी खाऊन पोट निम्मं भरलं की मग. दव उतरल्याशिवाय गवताला विळा लावायचा नाही. कापलेलं ढीग करून ठेवायचं नाही, गोणपाटाच्या चवाळ्यावर पातळ पसरायचं. मग मांडी घालून बसायचं आणि बायका तांदूळ निवडतात तसं ते गवत निवडायचं. गाजरगवत बाजूला, धोतरा बाजूला, काही ओळखू आलं नाही तर तेही बाजूला. कापल्यापासून तासा-दोन तासांत जे संपलं नाही ते घोडीपुढून उचलायचं. असं करत करत तीन आठवड्यांनी कुठे पाखरीला पोटभर हिरवं मिळायचं, आणि तोवर तात्यांचं स्वतःचं जेवणावर लक्ष नसायचं.

शेजारच्या भिवाला हे बघून हसू आवरायचं नाही. भिवा मेंढरं राखणारा, त्याची मेंढरं वाटेत येईल ते ओरबाडत शिवार फिरून येणार. तो काठीवर हनुवटी टेकवून उभा राहायचा.

"तात्या, ही घोडी हाय का जावई हाय?"

"जावई रुसला तर परत येतो बे. ही गेली तर येत न्हाई," तात्या मान वर न करता म्हणायचे.

रोज संध्याकाळी हे दोघे भांडायचे आणि भांडून झालं की एकाच्याच तंबाखूवर दोघांचं भागायचं.

वरातीत तर तात्यांची खरी परीक्षा असायची. नवरदेव घोडीवर बसला की त्याच्या आत्या-मावश्या सुपात भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि ओल्या घासाची जुडी घेऊन पुढे येतात. घोडीला खाऊ घालायचं, हा त्यांचा मान. नाही म्हटलं तर वरपक्ष रुसणार. तात्यांनी त्यावर एक तोड काढली होती. एकदा मी त्यांच्याबरोबर नेकनूरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा ती पाहिली. आत्याबाई सूप घेऊन आल्या तसे तात्या दोन्ही हात जोडून म्हणाले, "बाई, आज हिचा उपास हाय."

"घोडीचा उपास?"

"गुरुवार धरती ही."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीने खरंच पाखरीच्या पाया पडून घेतलं. आत्याबाई मात्र चिवट. त्यांनी मांडवातून केळ्यांची फणी आणवली. "उपासाला केळं चालतं की!"

"निर्जळी हाय," तात्या म्हणाले.

त्या दिवशी वार मंगळवार होता. बँडवाल्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी तोंडातून पिपाणी काढली नाही. परतताना मी तात्यांना म्हटलं, तुम्ही स्वतः तर उपासतापास काही मानत नाही. ते म्हणाले, "म्या कुठं मानतो? ते मानत्यात ना. हिचा जीव वाचला, बस."

तर असा हा माणूस. त्यांचं 'पहिल्या दिवशी एक मूठ' अख्ख्या गावाला पाठ झालं होतं. कुणी चहा अर्धा कप दिला तर पिणारा म्हणायचा, "कावून, पहिल्या दिवशी एक मूठ का?" शाळेत खिचडी वाढताना पोरं एकमेकांना तेच ऐकवायची. तात्यांना राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. आपलं बोलणं लोकांच्या डोक्यात गेलं, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. आता कळतं, की डोक्यात फक्त ते वाक्य गेलं होतं.

कारण शिकायला कुणी तयार नव्हतं. तात्यांना एकच घोर होता आणि तो ते लपवायचे नाहीत: माझ्यामागं हिला कोण बघंल? जावयाला विचारून झालं होतं, त्याने हात वर केले होते. वराती कमी होत चालल्या होत्या, नवरदेव फुलं लावलेल्या गाडीतून येऊ लागले होते, त्यामुळे दुसरा घोडेवालाही तिला घेईना. भिवा म्हणायचा, मला मेंढरं पुरे. मला तात्यांनी एकदा सरळच विचारलं, "सर, पंधरा दिवस रोज घटकाभर बसा माझ्यापाशी. हात बसंल तुमचा."

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही सांगा, मी वहीत लिहून घेतो. अगदी मुद्देसूद."

तात्या म्हणाले, "घोडी वही वाचती का, सर?"

मी हसलो आणि सुट्टीत बघू म्हणालो. सुट्टीत मी गावी गेलो. पुढच्या सुट्टीतही गेलो.

त्यांनी मला दवाखान्यातली एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र लक्षात राहिली. कुणी एकाने घोडा आणला होता. आदल्या संध्याकाळी कापलेलं गवत पोत्यात दाबून ठेवलेलं, ते सकाळी त्याने घोड्याला घातलं होतं. डॉक्टर दौऱ्यावर. तात्या एकटे त्या घोड्याला फिरवत राहिले. घोडा चालता चालता थांबायचा, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघायचा आणि परत चालायचा. "घोडं पोटाकडं बघाया लागलं की समजायचं, टाइम गेला," तात्या म्हणाले. नंतर ते पाखरीच्या आयाळीतले काटे काढत बसले.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात, हिरवं सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी, तात्या चवाळ्यावर गवत निवडता निवडता कलंडले. भिवाने पाहिलं आणि हाक मारली. आम्ही जीप करून त्यांना बीडला नेलं. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. पुढचे वीस-बावीस दिवस ते तिकडेच होते. बहुतेक वेळ जावई थांबला, शोभा इकडे येऊन राहिली. तिला घोडीची लहानपणापासून, म्हणजे कुठल्याही घोडीची, भीती. ती घमेलं भरून कुट्टी लांबूनच आत सरकवायची. पाणी मी ठेवायचो. बाहेर बांध हिरवेगार झाले होते, पाखरी दिवसभर मान काढून तिकडे बघायची, पण एक काडी हिरवी घालायची कुणाची छाती झाली नाही. तात्या बीडला पडून असले तरी त्यांचा धाक गल्लीत होता.

श्रावणातल्या एका रविवारी तात्यांना घरी आणलं. शोभाने ओट्यावर खाट टाकली, तोंड पागेकडे करून, म्हणजे त्यांना घोडी दिसावी. तात्यांनी पाखरीला पाहिलं आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. पाखरीने नाकातून फुरफुर केलं. सगळ्यांना भरून आलं, मलाही.

सोमवारी सकाळपासून भेटायला माणसं येऊ लागली. शाळेला श्रावणी सोमवारची अर्धी सुट्टी होती, मी साडेदहाला घरी आलो तेव्हा ओट्याशी गर्दी होती. आमच्याकडे दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. बिस्किटाचा पुडा, दोन मोसंब्या, निदान शहाळं तरी. पण तात्यांना गिळता येत नव्हतं. शोभा चमच्याने पेज भरवत होती. मग न्यायचं काय? कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की तात्याला काय आवडतं ते न्यावं. तात्याची घोडी वीस दिवस कोरडं खातेय. सुरुवात कुणी केली हे आता कुणी कबूल करत नाही. भिवा म्हणतो, पहिली मूठ सरांची. मला आठवतं ती पहिली मूठ भिवाची.

आणि विशेष हे, की सगळ्यांना नियम पाठ होता. भिवा तर पागेच्या तोंडाशी काठी घेऊन राखणीलाच उभा होता. "एकानं एकच मूठ घालायची बरं का! जास्ती न्हाई. तात्याचा कायदा हाय," असं तो प्रत्येकाला बजावत होता. माणसंही शहाण्यासारखी वागत होती. कुणी भारा आणला नाही. प्रत्येकाने लहानशी जुडी आणली, सुतळीने, चिंधीने, गवताच्याच काडीने बांधलेली. बाया मुलांच्या हाताने घालत होत्या. गल्लीत चाळीस-पंचेचाळीस घरं, शिवाय गावातून आलेले वेगळे. जुड्या खाटेशेजारी उन्हात ठेवल्या जात होत्या, तिथे हळूहळू ढीग झाला होता. पाखरी मान खाली घालून खात होती, वर बघतच नव्हती.

तात्या आवाज करत होते. शब्द नव्हता त्यात, घशातून येणारा नुसता लांब आवाज. शोभाला वाटलं पाणी हवंय. तिने चमच्याने पाणी दिलं, ते ओघळून गेलं. तात्या डावा हात हलवून घोडीकडे दाखवत होते. भिवा म्हणाला, "जवळ आना म्हनतंय घोडीला." आम्ही पाखरीला सोडून खाटेच्या अगदी कडेला आणून बांधलं. ढीगही जवळ आला.

मग तात्यांनी ते सुरू केलं. हाताला लागेल ती जुडी ते ओढायचे आणि पांघरुणाखाली घालायचे. एक घातली, दुसरी घातली. कूस वळवता येत नव्हती, तरी खांद्याने रेटून पाठीखाली सारायचे. एवढ्याने त्यांना घाम फुटला होता. लहान पोरं हसायला लागली. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "येडं झालं गं बिचारं. गवत पांघरूण घेतंय." भिवाने मान फिरवली.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आलं. मी खाली वाकलो, त्यांच्या मुठीतली जुडी हळूच सोडवायला लागलो. ते सोडेनात. मी लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणालो, "तात्या, हे तुमचं नाही, पाखरीचं आहे. द्या बघू." एकेक बोट उघडून मी ती जुडी काढून घेतली आणि घोडीला घातली. मग पांघरुणाच्या कडेला दिसत होती ती दुसरीही काढली. लोक म्हणाले, सरांचं बरं ऐकतो. तात्यांचा आवाज बंद झाला. ते फक्त माझ्याकडे बघत राहिले.

तीनच्या सुमाराला माणसं पांगली होती. मी खोलीत आडवा पडलो होतो. समोरून खणखण आवाज यायला लागला. तात्या पेजेची स्टीलची वाटी खाटेच्या लोखंडावर आपटत होते. शोभा धावत बाहेर आली, मीही गेलो. पाखरी पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मग थांबली आणि मान मागे वळवून तिने आपल्या पोटाकडे पाहिलं.

मी भिवाला हाक मारली आणि डॉक्टरला फोन लावला.

नेकनूरहून डॉक्टर यायला दिवस मावळायला आला. तोवर भिवा तिला फिरवत होता, ती मधेच बसू बघायची, तो ओरडून उठवायचा. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने नळी घातली, सुया टोचल्या, कान लावून पोट ऐकलं. मग विचारलं, "हिरवं किती घातलं?"

तो पुन्हा म्हणाला, "अहो, किती घातलं?"

"एकच मूठ," भिवा म्हणाला. मागून एक बाई म्हणाली, "आमी बी एकच." तिच्या मागून आणखी कुणीतरी तेच म्हणालं. डॉक्टरने खाटेशेजारी पडलेल्या सुतळ्या आणि चिंध्या पाहिल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

सकाळी शाळेच्या वेळेला पाखरी गेली. ट्रॅक्टर आणून तिला ओढून न्यावं लागलं, दुसरा इलाज नव्हता. लोक परत आले, या वेळी हातात काही नव्हतं. प्रत्येक जण तात्यांच्या उशाशी बसून तेच बोलला: तिचं तेवढंच होतं तात्या, तुमची वाट बघत थांबलती, तुमाला बघितलं आन् गेली. तात्यांना ते सगळं ऐकून घ्यावं लागलं. असं काही झालेलं नाही, हे त्या गावात एकाच माणसाला नीट सांगता आलं असतं आणि त्याला बोलता येत नव्हतं.

दुपारी शोभाने मला हाक मारली. तात्यांना एका अंगावर करून अंथरूण बदलायचं होतं, तिला एकटीला जमेना. मी त्यांना खांद्याला धरून वळवलं. तिने गोधडी ओढली आणि थांबली. खाली गवत होतं. चेपलेलं, घामाने ओलं, काळपट पडलेलं. तिने एकेक जुडी काढून खाली टाकली. अकरा निघाल्या. आदल्या दिवसभरात एका हाताने, लोकांच्या हसण्यात, त्यांनी एवढ्या वाचवल्या होत्या.

"तात्या येडे न्हवते झाले, सर," शोभा म्हणाली.

त्या अकरांत एक जुडी माझी होती. शाळेतल्या पार्सलची हिरवी सुतळी मीच बांधली होती, ओळखू आली. म्हणजे माझी पाखरीने खाल्लीच नव्हती. खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. मग मी त्यांच्याकडून काढून घेतलेल्या त्या दोन जुड्या मला आठवल्या.

आम्ही त्यांना परत उताणं निजवलं. शोभा गवत गोळा करून टाकायला बाहेर गेली. मी खाटेच्या कडेला बसलो. मी त्यांचा डावा हात हातात घ्यायला गेलो.

तात्यांनी तो हात ओढून घेतला आणि पांघरुणाखाली नेला. नंतर डोळे मिटून घेतले. मी शोभा येईपर्यंत तिथेच बसून होतो, पण त्यांनी ते उघडले नाहीत.